अक्कल गुडघ्यात?

एखाद्याची टिंगल करायची झाली म्हणजे आपण सहज म्हणून जातो, ‘त्याची अक्कल गुडघ्यात आहे.’ ही म्हण प्रथम कोणाला उद्देशून उच्चारली गेली, हे भाषाशास्त्रज्ञांनी शोधावे. आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यातील महाविद्यालयांत मात्र ती फुटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेली असते. क्रिकेटचा खेळाडू वर्गात उशिरा आला तर ‘प्रॅक्टिस होती वाटते’ अशी कौतुकाची विचारणा होते. फुटबॉलवाला चिखलाने भरलेली पिशवी घेऊन दारात उभा राहिला की शेवटच्या बाकाकडे बोट दाखविले जाते. हा फरक का पडला असावा, आणि ज्यांना तो सोसावा लागतो ती मुले खेळ, अभ्यास व आपापल्या घरची व्रते-उपवास यांचा मेळ कसा घालतात, यासंबंधी थोडी माहिती व थोडा अनुभव या लेखात मांडावयाचा आहे.

अनुभव पहिल्याने सांगतो, कारण माहितीकडे वळण्याची इच्छा त्यातूनच झाली.

2011 साली मी द्वितीय वर्ष कला शाखेत शिकत होतो. (ते महाविद्यालय हे नव्हे, येथे मी शिकविण्यासाठी पुष्कळ नंतर आलो.) फुटबॉलच्या संघात माझे नाव होते, परंतु ते राखीव खेळाडूंच्या यादीत. म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळणे, पिशव्यांवर लक्ष ठेवणे आणि आठ-दहा मिनिटे उरली असता एखाद्याचा पाय मुरगळलाच तर मैदानात उतरणे, एवढीच माझी कामगिरी. बसून असलेल्या माणसाला खेळणाऱ्यापेक्षा अधिक दिसते, हा त्यातला फायदा. आमचा गोलरक्षक मुंब्र्याचा. मधल्या बचावफळीचा आधारस्तंभ डोंबिवलीजवळच्या एका गावातला आगरी मुलगा. उजव्या बगलेवरून धावणारा कल्याणचा ख्रिस्ती. बाकीचे आमच्यासारखे चाळीतले आणि सोसायट्यांतले.

त्या वर्षी पंचांगाने एक गंमत केली होती. 31 जुलैला श्रावण सुरू झाला आणि 2 ऑगस्टला रमजान. दोन्ही महिने जवळजवळ हातात हात घालून चालले. 31 ऑगस्टला ईद झाली आणि दुसऱ्याच दिवशी, 1 सप्टेंबरला, गणेशचतुर्थी. त्या श्रावणात सोमवार पाच आले. आगरी मुलाच्या घरी श्रावणी सोमवार कडक. मुंब्र्याच्या मुलाचा तर रोज रोजा. आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तयारी ऐन त्याच महिन्यात.

येथे थोडे थांबून कालगणनेचा हिशेब सांगावयास हवा, कारण पुष्कळांना तो ठाऊक नसतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. आपल्या पंचांगात ही तूट अधिक मास घालून भरून काढतात. म्हणून श्रावण पावसाळा सोडून कधी जात नाही. इस्लामी कालगणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंची प्रदक्षिणा पुरी करतो. म्हणजे ज्या विद्यार्थ्याचा रमजान आज वार्षिक परीक्षेच्या दिवसांत येतो, त्याच्या थोरल्या भावाचा तो फुटबॉलच्या हंगामात आलेला असतो आणि वडिलांच्या महाविद्यालयीन काळात आणखी भलत्याच ऋतूत. 2026 साली तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. दिवसाची लांबीही ऋतूप्रमाणे बदलते. आपल्या भागात डिसेंबरात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत सुमारे सव्वाबारा तास होतात, जूनमध्ये साडेचौदाच्या आसपास. तेवढा वेळ अन्न तर नाहीच, पाण्याचा घोटही नाही. आपला श्रावणी सोमवार त्या मानाने दयाळू. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा लाडू, केळी, ताक हे सर्व त्यात बसते. आमच्या एका मित्राचे वजन उपवासाच्या दिवशी वाढत असे. पण त्या आगरी मुलाच्या घरी तसला उपवास चालत नसे. संध्याकाळी देवाला नैवेद्य दाखवून जेवायचे, तोवर पाणी आणि बिनदुधाचा चहा.

8 ऑगस्टला, सोमवारी, आम्ही मुंबईला एक सराव-सामना खेळून परत येत होतो. पाऊस होता, गाडीला गर्दी होती. सामना आम्ही हरलो होतो, आणि त्याची चर्चा नको म्हणून सगळे गप्प होते. सूर्यास्त सात वाजून काही मिनिटांनी. गाडी तोवर ठाण्यालाही पोहोचणार नाही हे उघड झाले, तेव्हा गोलरक्षकाने पिशवीतून खजुराची पुडी काढली आणि घड्याळाकडे पाहत दाराशी उभा राहिला. वेळ झाली तेव्हा त्याने पहिला खजूर तोंडात घातला आणि दुसरा काही न बोलता आगऱ्याच्या हातावर ठेवला. याने तो कपाळाला लावला, ‘घरी आई रागावेल, नैवेद्य व्हायचाय’ असे म्हणाला, आणि खाल्ला. मग माझ्याजवळची केळी निघाली. एवढीच हकीकत. तिच्यावर कोणी भाषण केले नाही, आणि पुढच्या सोमवारी स्वातंत्र्यदिन असल्यामुळे सराव नव्हता.

आता दुसरी, कमी गोड हकीकत. त्याच वर्षी परीक्षेआधी सूचना-फलकावर हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली. सर्वसामान्य बोलीत तिला ‘डिफॉल्टर लिस्ट’ म्हणतात. नियम 75 टक्क्यांचा. गोलरक्षकाचे नाव तीत होते. वस्तुतः स्पर्धांसाठी बाहेर असलेले दिवस हजर धरले जातात. त्यासाठी जिमखान्याकडून विभागाकडे आणि विभागाकडून कार्यालयाकडे पत्र जावे लागते. ते पत्र मधेच कोठेतरी अडकले. तो विचारावयास गेला तेव्हा संबंधित शिक्षकांनी कागद न पाहताच सांगितले, ‘तुम्हा फुटबॉलवाल्यांना परीक्षा कशाला हवी? आणि सारखे रोजे नि नमाज म्हटल्यावर अभ्यास केव्हा करणार?’ एका वाक्यात दोन शिक्के. मौज अशी, की तो मुलगा इतिहासात आमच्या वर्गात पहिल्या पाचांत असे, आणि रमजानात पहाटे सहेरीला उठल्यानंतर झोप येत नाही म्हणून त्याच वेळी वाचन करीत असे. आमच्यापेक्षा त्याचा अभ्यास त्या महिन्यातच जास्त झाला होता. पत्र शेवटी सापडले, फॉर्म भरला गेला. पण तिसऱ्या वर्षी त्याने संघात नाव दिले नाही. ‘दोन्हीपैकी एकच सिद्ध करता येईल,’ असे तो मला म्हणाला. खेळ सोडताना तो अवघा वीस वर्षांचा होता.

फुटबॉलवाला म्हणजे ढ आणि धटिंगण, हा समज आला तरी कोठून? मला वाटते, त्याची मुळे या खेळाच्या आपल्याकडील सामाजिक इतिहासात आहेत. क्रिकेट मुंबईत रुजले ते पारशी, हिंदू, मुस्लिम जिमखान्यांच्या हिरवळीवर, शेठ-सावकारांच्या आश्रयाने. फुटबॉल आले लष्करी पलटणींबरोबर. मुंबईची प्रसिद्ध रोव्हर्स चषक स्पर्धा 1891 साली सुरू झाली आणि पुष्कळ वर्षे तिच्यावर गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व होते. 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली तेव्हा प्रथमच तो चषक हिंदी लोकांच्या हाती आला. पुढे मुंबईचे फुटबॉल पोसले ते रेल्वे, गिरण्या, बंदर, पोलीस, तेल-कंपन्या यांच्या संघांनी. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, कॅल्टेक्स ही नावे त्या काळच्या प्रेक्षकांना खेळाडूंइतकीच परिचित होती. या संघांत घेतले की नोकरी मिळे, आणि तीही पदवीवाचून. तेव्हा पाय चांगला चालणाऱ्या मुलाने पुस्तकाला रामराम ठोकला तर त्यात मूर्खपणा नव्हता; घर चालविण्याचा तो सरळ हिशेब होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, कंपन्यांनीही संघ आवरते घेतले, आणि तो हिशेब मोडला. मागे राहिला तो फक्त समज. म्हणजे आजचा फुटबॉल खेळणारा विद्यार्थी आपल्या आजोबांच्या वेळच्या नोकरीबद्दलची टीका ऐकून घेतो आहे, आणि ती नोकरी मात्र त्याला मिळणार नाही!

खेळाडूंच्या सवलतींनी या समजात भरच घातली. मुंबई विद्यापीठाच्या नियमांत खेळ, राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना यांत भाग घेणाऱ्यांना 10 गुणांपर्यंत वाढीव गुणांची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने 2005 साली शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखल्या. या गोष्टी योग्यच आहेत. परंतु एखादा फुटबॉलपटू आपल्या बळावर पहिल्या वर्गात आला तरी मागल्या बाकावरून ‘ग्रेसचे दहा’ अशी कुजबुज ऐकू येते. 2022 साली राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांनाही या पाच टक्क्यांत स्थान मिळेल असे जाहीर केले, तेव्हा स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी केवढी नाराजी व्यक्त केली, हे आपल्याला आठवत असेल. ठाण्याला हा विषय जिव्हाळ्याचा. 2012 साली येथेच जोगेश्वरीच्या ‘जय जवान’ पथकाने नऊ थर लावून 43.79 फुटांची नोंद केली. थर लावणारी ती मुलेही कोठल्या ना कोठल्या महाविद्यालयात असतात, आणि गोकुळाष्टमी संपली की वर्गात त्यांच्याकडेही ‘हंडीवाले’ म्हणूनच पाहतात. उत्सव, श्रद्धा आणि खेळ यांच्यात रेघ कोठे ओढावी, हा प्रश्न शासनाला सुटला की नाही कोण जाणे. आपल्या पोरांनी तो कधी प्रश्न मानलेलाच नाही.

क्रिकेटचा दाखला द्यावयाचा तर अजिंक्य रहाणे आमच्या डोंबिवलीचा. स. वा. जोशी शाळेतला हा विद्यार्थी किट घेऊन लोकलच्या गर्दीतून मुंबई गाठत असे, आणि 2020 च्या डिसेंबरात मेलबर्नला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने कसोटी जिंकली. त्याच्या लोकलप्रवासाची कथा घरोघर आई मुलांना सांगते. तीच लोकल, तीच गर्दी, फक्त पिशवीत बॅटीऐवजी स्टड असले की त्याच प्रवासाला ‘उनाडक्या’ म्हणतात. यात रहाणेचा काही दोष नाही, हे वेगळे सांगावयास नको.

आता, बुद्धी आणि फुटबॉल यांचे वैर आहे काय? कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी असे म्हणू नये. आपण ज्यांची ‘आउटसायडर’ ही कादंबरी वाचतो ते आल्बेर काम्यू अल्जियर्सच्या विद्यापीठ संघाच्या कुमार गटात गोलरक्षक होते. सतराव्या वर्षी क्षयाने गाठले म्हणून खेळ सुटला. 1957 साली त्यांना नोबेल मिळाले. भौतिकीचे नील्स बोर हेही गोलरक्षक, आणि त्यांचे धाकटे बंधू हाराल्ड तर 1908 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या डेन्मार्कच्या संघात होते. हाराल्ड पुढे मोठे गणिती झाले. 1910 साली त्यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधाचे जाहीर समर्थन केले तेव्हा सभागृहात गणितज्ञांपेक्षा फुटबॉलचे शौकीनच अधिक जमले होते, असे सांगतात. ब्राझीलचा 1982 सालचा कर्णधार सॉक्रेटिस हा पदवीधर डॉक्टर होता. पण ही परदेशी नामावळी वाढविण्यात अर्थ नाही, कारण याहून बोलके दाखले आपल्या देशात आहेत, आणि त्यांत श्रद्धेचा धागाही आहे.

29 जुलै 1911 रोजी कलकत्त्यात मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा 2-1 असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली. अनवाणी हिंदी पोरांनी बूटवाल्या गोऱ्यांना हरविले, असे त्याचे वर्णन सर्वत्र केले जाते. ते अगदी अचूक नाही. अकरांपैकी दहा अनवाणी होते. अकरावे, डाव्या बाजूचे बचावपटू सुधीर चटर्जी, बूट घालून खेळले. हे गृहस्थ ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि मिशनच्या महाविद्यालयात शिकवीत असत. विजयी गोल करणारा अभिलाष घोष स्कॉटिश चर्च कॉलेजचा विद्यार्थी. म्हणजे ज्या सामन्याला आपण राष्ट्रीय अस्मितेचा क्षण म्हणतो, त्यात एका पाद्री प्राध्यापकाने बचाव सांभाळला आणि एका विद्यार्थ्याने गोल केला. त्या अकरांत राज्यकर्त्यांच्या धर्माचा हा एकटाच, आणि तो राज्यकर्त्यांविरुद्ध खेळत होता. त्याला दोन्ही बाजूंनी काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना करून पाहावी.

त्याच कलकत्त्यात पुढे 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे मोहमेडन स्पोर्टिंगने लीग जिंकली. लीग जिंकणारा तो पहिला हिंदी संघ. धर्माच्या नावाचे संघ हा त्या काळचा रिवाजच होता. मुंबईत क्रिकेटची पंचरंगी स्पर्धा हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन व इतर अशा संघांत चाले. महात्मा गांधींनी 1940 साली तिला नापसंती दर्शविली आणि 1946 नंतर ती बंद झाली. संघाला धर्माचे नाव देणे वेगळे आणि संघातल्या प्रत्येकाने आपापला धर्म पाळणे वेगळे, हा विवेक आपण त्यातून शिकलो असे म्हणण्यास हरकत नाही. निदान मैदानावर तरी. 

आणि डॉक्टर टी. आओ. तालिमेरेन आओ हे 1918 साली नागा टेकड्यांतील चांगकी गावी जन्मले. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. विषमज्वराने वडील गेले तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा मागे राहिली. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिकून 1942 साली तो कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात दाखल झाला आणि दुसऱ्या वर्षी मोहन बागानकडून खेळू लागला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या फुटबॉल संघाचा तो कर्णधार, आणि उद्घाटन-संचलनात भारतीय पथकाचा ध्वजही त्याच्याच हाती. 31 जुलैला फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. दोन पेनल्ट्या वाया गेल्या आणि आपण 2-1 असे हरलो. हे सारे चालू असताना आओ अजून विद्यार्थी होते, ही गोष्ट विसरू नये. पदवी 1950 साली मिळाली. प्रवेशापासून आठ वर्षे. आजच्या भाषेत कोणी त्यांना ‘गटांगळ्या खाणारा फुटबॉलवाला’ म्हटले असते. पदवी मिळताच त्यांनी मोठे फुटबॉल सोडले, प्रथम दिब्रुगडला आणि 1953 पासून कोहिमाला सरकारी दवाखान्यात काम केले आणि 1978 साली नागालँडचे आरोग्य संचालक म्हणून निवृत्त झाले. आठ वर्षे लागली खरी; पण त्या आठ वर्षांत त्यांनी काय काय केले ते पाहा.

आपल्याकडे शिक्षणाइतकाच अडचणीचा भाग म्हणजे वेळापत्रक. स्पर्धांच्या तारखा आखताना दिवाळी-गणपती टाळले जातात. बाकीच्यांचे सण क्वचितच कोणाच्या लक्षात येतात. रविवारी सकाळचा सामना ख्रिस्ती मुलाच्या मिस्सावर येतो. आमचा उजव्या बगलेचा खेळाडू सहाच्या मिस्साला जाऊन, अंगावरचा शर्ट गाडीत बदलून मैदानावर येत असे. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटलंडच्या एरिक लिडलने शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आहेत म्हणून त्या शर्यतीतूनच नाव काढून घेतले आणि चारशे मीटरमध्ये 47.6 सेकंदांत सुवर्णपदक मिळविले, ही कथा प्रसिद्ध आहे. तो रग्बीचा आंतरराष्ट्रीय खेळाडू होता आणि त्याच महिन्यात एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानाची पदवी त्याने घेतली, हे मात्र कथेत सहसा येत नाही. 

शनिवारचा विचार तर कोणाच्या मनातही येत नाही. पण ठाण्यात टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायल समाजाचे 1879 साली बांधलेले सिनेगॉग आहे. कोकण किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा मराठी बोलणारा ज्यू समाज. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घाणा बंद म्हणून त्यांचे तेल कोणी नाकारले नाही. विश्रांतीचा वार ही त्यांची ओळखच ठरली आणि गाव त्या वाराभोवती आपला व्यवहार जुळवून घेत असे. ज्याला आपण आज मोठा प्रशासकीय प्रश्न समजतो तो आपल्या गावांनी एकेकाळी कॅलेंडर न छापता सोडविला होता, असे मला कधीकधी वाटते.

थोडे मन असले की वाट निघतेच. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एप्रिल 2021 मध्ये लेस्टर व क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात सूर्यास्तानंतर खेळ क्षणभर थांबविण्यात आला. प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाने गोल-किक मारण्यास मुद्दाम विलंब केला आणि तेवढ्यात लेस्टरच्या वेस्ली फोफानाने रोजा सोडला. अर्ध्या मिनिटाचे काम. त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला नाही.

कायदा लागला तो मुलींच्या बाबतीत. खेळाचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने 2007 साली डोक्यावरील रुमालाला मनाई केली. 2011 साली इराणच्या मुली ऑलिंपिक पात्रता सामन्यासाठी मैदानावर उतरल्या आणि त्या वेषामुळे त्यांना खेळू न देता बाद ठरविण्यात आले. मार्च 2014 मध्ये ही बंदी पूर्णपणे उठली. या दूरच्या वाटणाऱ्या घडामोडींचा एक धागा आपल्या ठाणे तालुक्यात येतो. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून पुष्कळ मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात येऊन राहिली आणि गाव झपाट्याने दाटले. इमारती वाढल्या, मैदाने वाढली नाहीत. होती तीही मुलांच्या ताब्यात. 2012 साली ‘परचम’ या तेथील गटाने सुमारे चाळीस मुलींना फुटबॉल शिकविण्यास आरंभ केला. त्यांत मुस्लिम होत्या, इतरही होत्या. काहींच्या घरी परवानगी होती, काहींच्या घरी फुटबॉल हा शब्दही काढण्याची सोय नव्हती. कोणी रुमाल बांधून खेळे, कोणी न बांधता. गटाने त्याबाबत कोणावर सक्ती केली नाही. खेळावयाचे कोठे, हा प्रश्न आला तेव्हा मुलींनी दारोदार जाऊन सह्या गोळा केल्या, लोकप्रतिनिधींकडे निवेदन नेले आणि मुलींसाठी मैदानाची जागा मिळविली. स्पर्धा भरविली तिला नाव दिले फातिमाबी व सावित्रीबाई यांचे.

हे नाव विचारपूर्वक दिलेले आहे. फातिमा शेख यांनी पुण्यात सावित्रीबाईंच्या बरोबरीने मुलींना शिकविले. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई, हे आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकांत वाचले आहे. मैदानावर चिखल अंगाला लागणे ही त्या मानाने आनंदाचीच गोष्ट. मुंब्र्याच्या या मुलींवरचे शिक्के आमच्या गोलरक्षकापेक्षा एकाने अधिक. फुटबॉलवाली, म्हणजे अभ्यास नको. मुस्लिम, म्हणजे घरातून सोडत नसतील. आणि मुलगी, म्हणजे हे सारे लग्नापर्यंतच. तिन्ही शिक्के वेगवेगळ्या लोकांनी मारलेले. कोणी घराबाहेरचे, कोणी घरातले. श्रद्धाळू घरातील मुलगी खेळली म्हणजे तिने श्रद्धा सोडली असे बाहेरच्यांना वाटते, आणि घरातल्यांना भीतीही नेमकी तीच. तिला स्वतःला तसे काही वाटत नसते. नमाज आटोपून ती मैदानावर येते आणि सामना संपला की क्लासला जाते.

स्वामी विवेकानंदांनी 1897 साली मद्रासच्या तरुणांना सांगितले होते, की गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलने तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल. हे वाक्य आमच्या जिमखान्याच्या भिंतीवर कित्येक वर्षे रंगविलेले होते आणि गीता न वाचण्याची सबब म्हणून आम्ही ते वापरीत असू. त्यापुढे ते काय म्हणाले हे भिंतीवर मावले नव्हते: दंडात बळ आले म्हणजे गीता तुम्हाला अधिक चांगली समजेल, असा त्यांच्या पुढील बोलण्याचा आशय होता. म्हणजे त्यांनी गीता बाजूला ठेवा असे म्हटलेले नाही. दोन्हींचा क्रम सांगितला.

कोल्हापूरकरांना हा क्रम कोणी शिकवावा लागला नाही. तेथील फुटबॉल संघ पेठांचे आणि तालमींचे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. तालीम म्हणजे हौद्याजवळ मारुती आलाच. मारुतीला नमस्कार करून बाहेर पडलेला गडी शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतो आणि पेठ त्याच्यासाठी दुकाने बंद करते. (सामन्यानंतर दोन पेठांत जे काही होते, त्याने फुटबॉलवाल्यांच्या कीर्तीत भर पडत नाही, हेही मान्य करावयास हवे.) 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला. त्या स्पर्धेचे काही सामने आपल्याच जिल्ह्यात, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. त्याआधी 15 सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळविले गेले. एका दिवसापुरते का होईना, शिक्षकांनी स्वतःच मुलांना वर्गाबाहेर काढले!

आमच्या महाविद्यालयात मी जिमखाना समितीवर आलो तेव्हा एकच लहान गोष्ट करून घेतली. स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूचे पत्र आता तीन प्रतींत निघते. एक विभागाला, एक कार्यालयाला, आणि एक खेळाडूच्या स्वतःच्या हातात. शिवाय हंगामाच्या आरंभी प्रत्येकाला एक कागद देतो. त्यावर त्याने आपल्या परीक्षा, उपवास, रोजे, मिस्सा, घरचे कुळाचार, जे काही असेल ते तारखांसह लिहावे. कोणी लिहिते, कोणी कोरा परत करते. सरावाचे वेळापत्रक त्या कागदांवरून आखतो. ते सर्वांना सोयीचे होते असे नाही. गेल्या वर्षी एकाने नुसते ‘दर शुक्रवारी आजीला दवाखान्यात नेणे’ एवढेच लिहिले होते. त्याला शुक्रवारी सुट्टी दिली.

आमचा जुना गोलरक्षक मुंब्र्यातच राहतो. इतिहासात एम. ए. करून तो एका शाळेत शिकवितो. मध्यंतरी दिवा स्टेशनवर भेटला तेव्हा हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि खांद्यावर पिशवी. पिशवीत काय, असे विचारले तर शाळेच्या मुलींचे हातमोजे, असे तो म्हणाला. दोन जोड्या, एक फाटकी.